शरदातली मुंबई

मुंबईत ऋतू दोनच, एक पावसाळा आणि दुसरा उरलेला उन्हाळा, असे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगण्याची मुंबईकरांना हौस असते. ते बरेचसे खरेही आहे. मात्र आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने या समजुतीला छेद देतात. पहाटे सोसायटीच्या आवारात पारिजातकाचा सडा पडू लागतो, संध्याकाळी रस्त्याकडेच्या सातविणीला बहर येऊन तिचा उग्र गोड वास वाहनांच्या धुरावरही मात करतो आणि रेल्वे स्थानकांबाहेरच्या पदपथांवर छत्र्यांची जागा रांगोळीचे छाप, उटणे आणि पणत्या घेतात. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा हा काळ म्हणजे या शहराचा शरद. तो साजरा करण्यासाठी कुणी रजा काढून कोठे जात नाही. कार्यालयात जाता-येता, लोकल पकडता पकडता आणि रविवारच्या मेगाब्लॉकमधून वाट काढतच तो अनुभवावा लागतो. त्यातील बहुतेक गोष्टी विनामूल्य आहेत, सार्वजनिक जागेत होतात आणि वेळ ठाऊक नसेल तर हुकतात. ही वेळापत्रके, जागा आणि त्यामागच्या काही गोष्टी एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी उष्म्याविषयी

शरदाचे चांदणे काव्यात शीतल असते. मुंबईतील शरदाचा दिवस मात्र वर्षातील सर्वांत घामट दिवसांपैकी असतो. हवामान खात्याच्या नोंदीनुसार मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. २०२० पूर्वी ती २९ सप्टेंबर मानली जात असे. बदललेले पाऊसमान ध्यानात घेऊन ती पुढे नेण्यात आली. पाऊस थांबला की ढगांचे छत्र जाते, जमिनीत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि जमिनीकडून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यांमुळे दुपारचा समुद्री वारा उशिरा सुटतो. पारा पस्तिशीच्या वर गेला की ‘ऑक्टोबर हीट’ हा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि लोकलच्या डब्यात एकाच दिवशी दाखल होतो. त्यामुळे या दिवसांतला आनंद सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर घ्यायचा असतो. सणांची परंपराही तसेच सांगते. अभ्यंगस्नान पहाटेचे, कोजागिरी मध्यरात्रीची, दीपोत्सव तिन्हीसांजेचा.

दुसरी अडचण तारखांची. चांद्रमासांमुळे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे सरकतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला होता आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. दसरा इतक्या लवकर आला की नवरात्रात हमखास पाऊस असतो. तशा वर्षी झेंडू भिजलेला येतो, दोन दिवसांत काळा पडतो आणि मंडपवाल्यांना ताडपत्री काढता येत नाही. उशिरा आलेल्या दसऱ्याला फुले कोरडी मिळतात, पण उकाडा वाढलेला असतो. कॅलेंडर भिंतीवर लावताना एवढे पाहून ठेवले तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

नऊ रात्री, नऊ रंग

नवरात्राची सर्वांत ठळक खूण मुंबईत देवळात नव्हे, लोकलच्या महिला डब्यात दिसते. या शतकाच्या आरंभी एका मराठी दैनिकाने नवरात्रातील नऊ दिवसांचे नऊ रंग प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्या रंगाची साडी नेसून आलेल्या महिलांची छायाचित्रे छापली जाऊ लागली आणि पाहता पाहता त्याची प्रथा झाली. आता बँका, शाळा, रुग्णालये, पोलीस ठाणी अशा सर्वत्र ती पाळली जाते. या रंगांना जुना धार्मिक आधार नाही. रंग बऱ्याच अंशी वारावर ठरतो : सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. या प्रथेमुळे नवी साडी घेण्याची सक्ती होते, ज्यांना परवडत नाही त्यांची कुचंबणा होते, अशी टीका झाली आणि ती गैरलागू नाही. तरीही सकाळी साडेआठच्या सुमारास फलाटावर शेकडो अनोळखी बायका एकाच रंगात उभ्या असतात, तेव्हा ठाण्याची परिचारिका आणि विरारची लिपिक यांच्यात बोलणे सुरू व्हायला निमित्त लागत नाही. देवीची आरतीही अनेक डब्यांत धावत्या गाडीतच होते.

देवदर्शनासाठी शहराची दोन मुख्य ठिकाणे, मुंबादेवी आणि महालक्ष्मी. महालक्ष्मीला नवरात्रात यात्रा भरते आणि रांग पार रस्त्यावर येते. पहाटे जाणे शहाणपणाचे. मुंबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार या गल्ल्यांत वाहन नेण्याचा विचारही करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाल्यापासून काळबादेवी स्थानकातून वर येऊन पायी जाता येते. मरीन लाइन्स किंवा मशीद स्थानकातून गर्दी कापत येण्यापेक्षा ते पुष्कळच सुसह्य आहे.

गरब्याचे सांगायचे तर शहरात दोन निराळे गरबे आहेत. बोरिवली, कांदिवली, घाटकोपर, मुलुंड येथील मैदानांवर तिकीट लावून होणारा, मोठ्या गायकांचा आणि मोठ्या ध्वनिक्षेपकांचा एक. दुसरा चाळीच्या, सोसायटीच्या अंगणातला, जेथे मध्यभागी घट असतो आणि तीन पिढ्या एका वर्तुळात फिरतात. पाहुण्याला पहिला दाखवावा. स्वतः दुसऱ्यात जावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा राज्य सरकारला आहे आणि त्यातले काही दिवस नवरात्राच्या वाट्याला येतात. कोणते, ते जिल्हाधिकारी दरवर्षी जाहीर करतात. ज्यांच्या घरी परीक्षेला बसलेले मूल वा आजारी माणूस आहे, त्यांनी ही यादी कापून ठेवावी.

भोंडला मात्र शहरातून जवळजवळ गेला होता. पाटावर हत्तीचे चित्र, भोवती फेर आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ. एवढ्यासाठी अंगण हवे आणि दुपारनंतर घरी असणाऱ्या मुली हव्यात. दोन्ही दुर्मीळ झाले. आता तो गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, डोंबिवली येथील महिला मंडळांनी आणि मराठी शाळांनी पुन्हा उभा केला आहे. ठरवून केलेला, छापील गाणी हातात घेऊन म्हटलेला, पण चालू आहे. खिरापत ओळखण्यातली चढाओढ अजून तशीच असते.

ज्यांना नवरात्रातली दुसरी मुंबई पाहायची आहे, त्यांनी षष्ठी ते दशमी या दिवसांत बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेला जावे. शिवाजी पार्कवरील बंगाल क्लबची पूजा, खारच्या रामकृष्ण मिशनमधील पूजा आणि पवईतील पूजा या त्यांतल्या परिचित. दुपारी भोग वाढला जातो. खिचडी, भाजी, चटणी, पायस. रांगेत उभे राहणाऱ्याला आडनाव विचारले जात नाही. दशमीला विवाहित स्त्रिया एकमेकींना सिंदूर लावतात, तो सोहळा विसर्जनाच्या थोडा आधी असतो. याच दिवसांत आझाद मैदानावर संध्याकाळी रामलीला चालते. बघणाऱ्यांत टॅक्सीचालक, दूधवाले, हमाल, सुरक्षारक्षक असे शहरात एकट्याने राहणारे उत्तर भारतीय पुरुष अधिक असतात. त्यांच्या वर्षभराच्या करमणुकीतला हा मोठा भाग असतो.

दसऱ्याची आदली रात्र

शरदातली एकच गोष्ट पाहायची झाली तर कोणती, असे कुणी विचारले तर प्रस्तुत प्रतिनिधीचे उत्तर ठरलेले आहे : दसऱ्याच्या आदल्या रात्रीचा दादरचा फूलबाजार. दादर पश्चिमेला स्थानकाला लागून असलेली मीनाताई ठाकरे फूल मंडी एरवीही पहाटेपूर्वी जागी होते. त्या रात्री मात्र ती झोपतच नाही. पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून झेंडूचे ट्रक आणि टेम्पो येत राहतात. मंडीत मावत नाही तो माल सेनापती बापट मार्गावर आणि पुलाखाली उतरतो. पिवळा, भगवा आणि आंब्याच्या डहाळ्यांचा हिरवा, या तीन रंगांखाली रस्ता दिसेनासा होतो.

या बाजाराच्या कडेला, दिव्यांच्या प्रकाशाबाहेर, पालघर आणि ठाणे जिल्ह्यांच्या पाड्यांवरून आलेल्या आदिवासी बायका बसलेल्या असतात. त्यांच्याकडे आपट्याच्या डहाळ्या, भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पाने असतात. त्या एक-दोन दिवस आधी येतात, पदपथावरच झोपतात आणि माल संपला की पहिल्या गाडीने परततात. झेंडूचा भाव रात्रीतून तीनदा बदलतो; पहाटे चढतो आणि दसऱ्याच्या दुपारी कोसळतो. संध्याकाळी तर उरलेला ढीग तसाच टाकून विक्रेते निघून जातात. त्या अखेरच्या भावासाठी थांबणारी गिऱ्हाइके असतात. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यही असेल, परंतु दोन रात्री पदपथावर काढलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करण्यात सणाचे काय साधते, हे कळत नाही.

आपट्याविषयी एक खुलासा. बाजारात ‘आपटा’ म्हणून विकली जाणारी पुष्कळशी पाने कांचनाची असतात. दोन्ही एकाच कुळातले, दोन्हींची पाने जोडपानासारखी दुभंगलेली. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे मोठे आणि मऊ. सोने म्हणून कोणतेही लुटले तरी चालते, पण त्यासाठी झाडाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. एक पान देऊन भागत असताना डहाळी घेण्याचे कारण नाही.

दसऱ्याच्या दिवशी शहराचे तीन प्रवाह तीन दिशांना जातात. एक शिवाजी पार्ककडे, जेथे ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा झाला आणि तेव्हापासून दसरा व राजकारण यांची गाठ पडली. दुसरा चौपाट्यांकडे, रावणदहन आणि देवीविसर्जनासाठी. तिसरा प्रवाह त्याआधीच शहराबाहेर पडलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या विजयादशमीला, नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेथील दीक्षाभूमीकडे मुंबईच्या वस्त्यांतून दरवर्षी हजारो लोक रेल्वेने जातात. ज्यांना या दिवसांत नागपूरकडे प्रवास करायचा आहे, त्यांनी आरक्षण फार आधी करावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची आणखी एक आठवण या शहराला आहे. २९ सप्टेंबर २०१७. दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी कामावर जाण्याच्या वेळी अचानक मोठी सर आली. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर पावसामुळे लोक थांबून राहिले, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. कुणाची तरी फुले पडली, ‘फूल गिर गया’ असे शब्द उच्चारले गेले आणि गर्दीने ते ‘पूल गिर गया’ असे ऐकले, अशी साक्ष एका प्रवाशाने चौकशीत दिल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. अफवेने घबराट वाढवली असेल, पण मूळ दुखणे पुलाच्या रुंदीचे होते. गिरण्या गेल्या, तेथे कार्यालयांचे मनोरे आले, प्रवासी अनेक पटींनी वाढले आणि जिना तेवढाच राहिला. लष्कराने उभारलेला नवा पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

या घटनेचा येथे उल्लेख करण्याचे कारण एवढेच की शरदातली मुंबईची गर्दी नेहमीच्या गर्दीहून निराळी असते. तिच्या हातात ओझे असते. फुलांच्या करंड्या, कंदिलांची खोकी, फराळाचे डबे, झोपलेली मुले. दसरा आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत दादरच्या पुलांवर खरेदीसह चढू नये. खरेदी दुपारी उरकावी किंवा रात्री दहानंतर. पूल तुंबलेला दिसला तर फलाटावरच दोन गाड्या जाऊ द्याव्यात. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळी-छठसाठी गावी निघालेल्यांच्या झुंबडीत, वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीत शिरताना चेंगराचेंगरी होऊन प्रवासी जखमी झाले. अनारक्षित डब्यात जागा मिळावी म्हणून आदल्या रात्रीपासून फलाटावर बसणारी ही माणसे. शहरातील बांधकामे आणि हॉटेले वर्षभर त्यांच्याच बळावर चालतात.

कोजागिरीसाठी फार लिहायला नको. आश्विन पौर्णिमेला आटवलेले दूध, त्यात जायफळ-केशर, गच्ची आणि गाणी, एवढीच तिची सामग्री. यांपैकी गच्ची हाच कळीचा मुद्दा. अनेक इमारतींत तिला कुलूप असते, किल्ली चिटणिसांकडे असते आणि चिटणीस त्या रात्री हमखास गावी गेलेले असतात. आठवडाभर आधी अर्ज द्यावा.

बोनस आणि कंदील

दिवाळीच्या मुंबईचे मूळ पंचांगात जितके आहे तितकेच पगारपत्रकात. बोनस हा शब्द या शहरात सणासारखाच उच्चारला जातो. त्यासाठी १९२४ मध्येच मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. पुढे १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. वेतनाच्या किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के बोनस, तोही हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, असे त्याचे स्वरूप. मार्चअखेर संपणाऱ्या वर्षाला आठ महिने मिळवले की नोव्हेंबरअखेर येते. म्हणून व्यवहारात दिवाळी हीच मुदत ठरली. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, अर्थात एक महिन्याचा पगार. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतनसंहितेत हा कायदा सामावला गेला, तरी हे प्रमाण कायम आहे.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून पेटलेला असंतोष दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संपापर्यंत गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी तो सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. लालबाग-परळच्या दिवाळीवर त्याचा परिणाम एका वर्षापुरता नव्हता. बोनस हाती आल्यावर कापड, फराळाचे सामान, मुलांचे फटाके आणि गावी पाठवायची मनिऑर्डर असा जो क्रम होता, तो त्या घरांतून कायमचा गेला. लालबागची चिवडा गल्ली आणि मसाल्याची दुकाने आजही दिवाळीपूर्वी तुडुंब असतात, मात्र गिऱ्हाईक मोटारीतून उतरते. आज बोनसच्या व्याख्येबाहेर राहिलेल्यांची संख्या मोठी आहे. कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, मोबाइलवर मागवलेला माल घरपोच आणणारी मुले. दिवाळीचे चार दिवस त्यांच्या कामाचा सर्वांत धावपळीचा काळ असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मिठाईचे खोके घेऊन दारात उभा राहिलेला मुलगाही कुणाच्या घरी वाट पाहिला जात असतो, एवढे ध्यानात ठेवून मागणी दुपारी नोंदवता येते.

आकाशकंदिलासाठी माहीमची कंदील गल्ली प्रसिद्ध आहे. बांबूच्या कामट्या, खळ, रंगीत कागद आणि खाली झिरमिळ्या, असा जुना पारंपरिक कंदील करणारी कुटुंबे पावसाळ्यातच कामाला लागतात, कारण सांगाडे आधी बांधून ठेवावे लागतात. घडीचे, कारखान्यात झालेले कंदील स्वस्त पडतात. कागदी कंदील दोन पावसांत विरतो हेही खरे. मात्र चांदणीच्या कंदिलातून भिंतीवर पडणारा लाल-पिवळा प्रकाश त्या घडीच्या कंदिलातून पडत नाही. गल्लीत रविवारी सायंकाळी पाय ठेवता येत नाही. वसुबारसेच्या आठवडाभर आधी, कामाच्या दिवशी, कार्यालयातून परतताना जावे. पणत्यांसाठी धारावीचा कुंभारवाडा. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही जुनी वसाहत. घर, चाक आणि भट्टी एकाच आवारात. एकगठ्ठा पणत्या येथे बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात, शिवाय त्या घडताना पाहता येतात. धारावीच्या पुनर्विकासात भट्ट्यांना जागा कोठे आणि कशी मिळणार, हा प्रश्न तेथील प्रत्येक घरात विचारला जातो. सदनिकेत भट्टी लावता येत नाही.

फराळ परदेशी पाठवणाऱ्यांनी किमान तीन आठवडे हाताशी ठेवावेत. चकली आणि करंजी सर्वाधिक मोडते. लाडू, शंकरपाळे निश्चिंतपणे पाठवावेत.

दिवाळी अंकांशिवाय मराठी दिवाळी नाही, आणि ही परंपरा मुंबईतच सुरू झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला; तो मराठीतील पहिला मानला जातो. आता दरवर्षी शेकडो अंक निघतात. सगळे विकत घेणे कुणालाच शक्य नाही. दादरच्या छबिलदास गल्लीतील पुस्तकांच्या दुकानात उभ्याने चाळून दोन-तीन निवडावेत आणि उरलेल्यांसाठी वाचनालय गाठावे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून उपनगरांतल्या लहान वाचनालयांपर्यंत अनेक ठिकाणी केवळ दिवाळी अंकांसाठी हंगामी वर्गणीची सोय असते. जाहिराती बाजूला केल्या तर चांगला मजकूर किती उरतो, यावर दरवर्षी वाद होतो. तरी लांब कथा आणि खोलात जाऊन लिहिलेले लेख छापायला आज दुसरी जागा फारशी नाही.

दिवाळी पहाट ही तुलनेने अलीकडची गोष्ट. नाट्यगृहांतल्या आणि उद्यानांतल्या मैफली पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतात. विनामूल्य असतात त्यांच्या प्रवेशिका आठवडाभर आधी संपतात. डोंबिवलीच्या फडके रोडला प्रवेशिका लागत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे गणेश मंदिरात दर्शन घेऊन नव्या कपड्यांतली तरुण मंडळी या रस्त्यावर जमतात, एकमेकांना भेटतात आणि दहापर्यंत पांगतात. कार्यक्रम असा काही नसतोच. वर्षभर जी मित्रमंडळी फक्त फलाटावर घाईत भेटतात, त्यांना येथे थांबून बोलायला वेळ असतो. लक्ष्मीपूजनाला मुंबई शेअर बाजारात एक तासाचे मुहूर्ताचे सौदे होतात. ही प्रथा १९५७ पासूनची आणि ती वेळ वर्षानुवर्षे संध्याकाळची; २०२५ मध्ये दुपारी ठेवण्यात आली.

फटाक्यांबद्दल पूर्वी फक्त आवाजाची चर्चा होत असे. आता श्वासाचीही होते. समुद्रामुळे मुंबईची हवा आपोआप स्वच्छ राहते हा समज ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरता मोडला. पावसाळा संपल्यावर वारा मंदावतो, बांधकामांची धूळ खाली राहते आणि त्यात धूर मिसळतो. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वेळी स्वतःहून दखल घेऊन फटाक्यांना आधी सायंकाळी ७ ते १० आणि नंतर रात्री ८ ते १० एवढीच मुभा दिली. दम्याच्या रुग्णांनी लक्ष्मीपूजनाची रात्र आणि पाडव्याची सकाळ घराबाहेर काढू नये. पाडव्याला पहाटे समुद्रकिनारी फिरायला जाण्याची कल्पना रम्य असली तरी त्या दिवशी ती प्रकृतीला मानवणारी नाही.

पाडव्यानंतर

भाऊबीजेला लोकलमध्ये कार्यालयाची गर्दी नसते, पण गाड्या रिकाम्या नसतात. अंबरनाथची बहीण, नालासोपाऱ्याचा भाऊ, असे सारे शहर एकाच दिवशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघते आणि सुट्टी असल्यास गाड्या रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. मेगाब्लॉक आहे की रद्द झाला, ते आदल्या दिवशी पाहून घ्यावे. दुपारी एकनंतर निघाल्यास बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी असते.

कार्तिक शुद्ध षष्ठीला जुहूच्या किनाऱ्यावर छठपूजा होते. मावळत्या सूर्याला अर्घ्य, रात्रभर मुक्काम आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य. उसाच्या मोळ्या आणि सुपे घेऊन आलेल्या स्त्रिया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहतात. या पूजेवरून शहरात राजकारण पुष्कळ झाले. प्रत्यक्ष किनाऱ्यावर गेल्यास दिसते ती निर्जळी उपवासाने थकलेली, तरीही नीटनेटकी रांग. पाहायला जाणाऱ्यांनी छायाचित्रांसाठी पाण्यात उतरू नये.

शरदाचा शेवट वाळकेश्वरच्या बाणगंगेवर होतो. शिलाहारकालीन समजल्या जाणाऱ्या या तलावाच्या पायऱ्यांवर त्रिपुरी पौर्णिमेला हजारो पणत्या लावल्या जातात आणि महाआरती होते. भोवती उंच इमारती, मध्ये गोड्या पाण्याचा चौकोन आणि पलीकडे शंभर-दोनशे पावलांवर समुद्र. जून २०२४ मध्ये सुशोभीकरणाच्या कामासाठी उतरवलेल्या यंत्राने येथील काही जुन्या पायऱ्यांची नासधूस झाली होती, त्यामुळे जेथे उभे राहू तेथे जपूनच उभे राहिलेले बरे. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचल्यास वरच्या पायरीवर जागा मिळते. वाळकेश्वरला रेल्वे नाही. चर्नी रोड किंवा ग्रँट रोडहून बस वा टॅक्सी, आणि परतताना तीन बत्तीपर्यंत चालण्याची तयारी ठेवावी. पणत्या साधारण साडेआठपर्यंत तेवतात. वारा असेल तर त्याआधीच विझू लागतात, आणि मग पुजाऱ्यांची मुले तेलाचे भांडे घेऊन पायऱ्या उतरत एकेक पणती पुन्हा पेटवत जातात.